सड्यावरच्या जनावराचं डोकं

एकदा एक शिष्य आपल्या गुरूच्या एक दिवस आधी डोंगर चढून गेला आणि वर जाऊन नको ते काम करून बसला. वाईट हेतूने केलं असतं तर ही कथा सांगायचं कारणच नव्हतं. तसल्या कामांच्या हकिगती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज येतात. याने केलं ते प्रेमापोटी. प्रेमापोटी केलेली चूक करणाऱ्याला सहसा दिसत नाही, आणि दाखवणाऱ्यालाही दाखवायला जड जाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्थळ कोकणातलं. समुद्रापासून दोन कोस आत एक गाव आणि गावाच्या डोक्यावर सडा. डोंगर चढून वर जावं आणि शिखराऐवजी मैदान लागावं, तेही मातीचं नव्हे, अखंड काळ्या जांभ्या दगडाचं. त्याला सडा म्हणतात. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत आणि इवली फुलं येतात. दिवाळीनंतर सगळं वाळून जातं, आणि मग उघड्या पडलेल्या कातळावर चित्रं दिसू लागतात. कोणे एके काळच्या माणसांनी ती कोरून ठेवली आहेत. मासे आहेत, हत्ती आहेत, पाय फाकून उभी राहिलेली माणसं आहेत, आणि काही आकृत्या अशा, की पाहणाऱ्याने नुसतं डोकं खाजवावं. शिकलेले लोक त्यांना कातळशिल्पं म्हणतात. गावातले म्हातारे ‘पांडवांनी काढली’ म्हणून मोकळे होतात.

या कथेतले गुरू म्हणजे मणचेकर गुरुजी. छत्तीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर एका जागी बसायचं सोडून सडे तुडवायला लागले. वय अठ्ठ्याहत्तर. अंगात सदरा, खांद्यावर पंचा, काखोटीला चौकटीच्या कागदाची वही. त्यांची रीत ठरलेली होती. चित्राच्या कडेला चपला काढायच्या, मांडी घालून बसायचं, डोळे मिटायचे आणि कोरलेल्या खाचेतून बोट फिरवायचं. बोट जेवढं सांगेल तेवढंच पेन्सिलीने कागदावर उतरायचं. जिथे रेघ झिजलेली, तिथे कागद कोरा. अशा अर्धवट चित्रांनी त्यांच्या वह्या भरल्या होत्या. घरचे म्हणायचे, ‘‘एवढे कष्ट घेता, मग एक तरी चित्र पुरं काढा की!’’ गुरुजी हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडून पुन्हा एखाद्या सड्यावर हजर.

शिष्य म्हणजे विश्राम. गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला, आता याच गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर. वय अडतीस, मन निर्मळ, आणि दोष एकच, की त्याला धीर नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या विश्रामला आपल्याच गावच्या सड्यावर एक नवं चित्र सापडलं. बारा हात लांबीचं एक जनावर. चार पाय, भरलेलं पोट, वर वळलेली शेपटी. पाठीची रेघ अशी काही डौलात पुढे चढत गेलेली, की पाहणाऱ्याचा श्वास थांबावा. ती मानेपर्यंत येत होती आणि तिथे संपत होती. पुढे डोकं नव्हतं, नुसता कातळ.

विश्रामचा जीव त्या जनावरात अडकला. शाळा सुटली की तो सड्यावर. बायको म्हणायची, ‘‘आपल्या घरात माणसं आहेत, त्यांनाही तोंडं आहेत, कधी बघा त्यांच्याकडे!’’ आणि नेमकी याच वेळी गावावर ती भानगड आली.

सडा गावकीचा, म्हणजे सगळ्या गावाचा सामायिक. जांभा दगड चौकोनी कापला की त्याचा चिरा होतो, आणि चिऱ्यावर तर अर्ध्या कोकणातली घरं उभी आहेत. शेजारच्या तालुक्यातल्या एका खाणवाल्याने चिरेखाण काढायला सडा मागितला. गावाला खाण नको होती असं नव्हे. पोरांना कामं मिळतील, रस्ता होईल, हे सगळ्यांना पटत होतं. पण खाणवाल्याला सुरुवात करायची होती ती गाडीवाट जिथे वर चढते तिथून, आणि नेमकं तिथेच विश्रामचं जनावर पसरलेलं. एकदा दगड कापायचं मशीन तिथे लागलं, की चार दिवसांत पाय, पोट, शेपटी सगळ्याचे चिरे होऊन ट्रकमध्ये चढणार.

विश्रामने देवळातल्या बैठकीत हात जोडून सांगितलं. पण कोणीतरी मागून बोललंच, ‘‘मुंडकं नसलेल्या जनावरापायी खाण घालवायची होय, मास्तर?’’ लोक हसले. गावकार रावजीदादा, ज्यांच्या शब्दाला गावात मान, ते हसले नाहीत. ‘‘रविवारी सकाळी सगळे वर जाऊ,’’ ते म्हणाले, ‘‘बघू काय आहे ते. बघून ठरवू.’’

ते हसणं विश्रामच्या काळजाला लागलं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर तो तडक सड्यावर गेला. बरोबर शाळेतल्या खडूंची पूड, ती कालवायला बाटलीभर पाणी, वाडगा आणि ब्रश. हेतू साधा होता. भर उन्हात कोरीव रेघ नीट दिसत नाही, म्हणून काही जण तीत पांढरा रंग भरून फोटो काढतात. गुरुजींना ते मुळीच खपत नसे, हे त्याला ठाऊक होतं. पण उद्या सडा राहणार की जाणार याचा फैसला होता, आणि गुरुजी तर उद्या येणार होते.

त्याने शेपटीपासून सुरुवात केली. पाय भरले, पोट भरलं, पाठ भरली. काळ्या कातळावर जनावर पांढरंशुभ्र उठून आलं. ब्रश मानेपाशी आला. इथे थांबायला हवं होतं, हो की नाही? तुम्हाला कळतं, मला कळतं, त्यालाही कळत होतं. पण हात लयीत आला होता. ब्रश पुढे गेला. कपाळ आलं, नाक आलं, दोन झोकदार शिंगं आली, शेवटी एक टपोरा डोळाही आला. बैल झाला! विश्राम चार पावलं मागे सरला आणि बघतच राहिला. एवढं सुंदर चित्र त्याने आयुष्यात काढलं नव्हतं. क्षणभर काहीतरी टोचलं, पण त्याने मनाची समजूत घातली, की त्या कोरणाऱ्या माणसाला असंच काढायचं असणार, आपण फक्त त्याचं राहिलेलं काम केलं. फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. घरी पोचेपर्यंत नमस्काराचे हात, अंगठे, ‘वा मास्तर!’, ‘काय बैल आहे!’ यांचा नुसता पाऊस पडला होता. खाली त्याने एवढंच लिहिलं, ‘उद्या सर्वांनी यावे.’

रविवारी सकाळी तो उजाडताच कामाला लागला. तीस-पस्तीस माणसं वर येणार, सड्यावर पाण्याचा थेंब नाही. म्हणून दहा-दहा लिटरचे दोन कॅन त्याने दोन खेपा करून वर चढवले. दुसरी खेप संपते तोच गुरुजी एसटीने येऊन डोंगर चढून आले. ऊन अजून तिरपं होतं. त्यांनी चित्राकडे लांबूनच पाहिलं. कडेला चपला काढल्या, बसले, डोळे मिटले आणि शेपटीपासून बोट फिरवायला लागले. विश्राम उभा राहून बघत होता.

बोट मानेपाशी आलं आणि थांबलं. गुरुजींनी डोळे उघडले. बोटाला खडू लागला होता. त्यांनी पुढच्या शिंगांकडे पाहिलं.

‘‘हे पुढचं कुणाचं?’’

विश्रामला खोटं बोलवलं नाही. ‘‘माझं, गुरुजी.’’

‘‘छान काढलंयस,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘शाळेत होतास तेव्हा तुझ्या बैलाची शिंगं कानातून उगवायची. सुधारलास.’’

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, पाण्याच्या कॅनपाशी गेले, झाकण काढलं आणि विश्राम ‘अहो, अहो’ करेपर्यंत कॅन उचलून बैलाच्या तोंडावर उपडा केला. डोळा वाहून गेला. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी शिंगं खसाखसा घासली. पहिला कॅन संपला. दुसरा उघडला आणि मानेपासून शेपटीपर्यंत सगळं जनावर धुऊन काढलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, घामाने आणि पाण्याने निथळत, दुधाळ ओहोळ पंचाने पुसतोय, आणि शिष्य मटकन खाली बसलाय, असं ते दृश्य होतं.

‘‘गुरुजी, ते लोकांना प्यायचं पाणी होतं!’’

‘‘ठाऊक आहे. एवढंच इथे होतं.’’

‘‘आणि फोटो सगळ्या गावाने पाहिलाय. आता डोकं दिसलं नाही तर मी काय सांगू त्यांना?’’

‘‘ते तुझं तू बघ. मी धुण्याचं काम घेतलंय, बोलण्याचं नाही.’’

विश्रामचा तोल सुटला. ज्यांच्यापुढे कधी मान वर केली नाही त्यांना तो म्हणाला, ‘‘आज सडा गेला तर तुमच्यामुळे गेला, असं म्हणेन मी! आपल्या तत्त्वांसाठी तुम्ही एवढं मोठं जनावर मारलंत!’’

‘‘म्हण,’’ गुरुजी पंचा पिळत म्हणाले. ‘‘पण दुपारी म्हण. आत्ता ते लोक आले बघ.’’

खरंच आले होते. गाडीवाटेच्या वळणावर माणसं दिसायला लागली. पुढे रावजीदादा, धापा टाकत, काठी टेकत. त्यांच्याबरोबर धाकू मुकादम. हा धाकू याच गावचा, पण आता खाणवाल्याकडे नोकरीला. मशीन यायच्या आधी वीस वर्षं याने हाताने, टिकावाने चिरे काढलेले. जागा बघून ये, म्हणून खाणवाल्यानेच त्याला पाठवलं होतं. मागे बाकीचे गावकरी, आणि चार-पाच बायका, ज्यांची गुरं याच सड्यावर चरायची.

रावजीदादा वर पोचले आणि दम घेत म्हणाले, ‘‘मास्तर, फोटो पाहिला तुमचा. नामी! मी घरी म्हटलंसुद्धा, हा मोठा करून घेऊ, काचेत बसवू आणि देवळात लावू. आता फोटो आहे म्हटल्यावर इथले चिरे काढले तरी कुणाचं काय जातंय? बैल तर राहिलाच की.’’

विश्रामच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या फोटोने सडा वाचवायचा, त्याच फोटोने सडा जायची सोय झाली होती. गावाने चित्राची वाहवा करावी, याच क्षणाची आपण रात्रंदिवस वाट बघत होतो, आणि तो असा यावा! त्याने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी पाठ करून पंचा वाळत घालत होते.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘ओ मास्तर, याला मुंडकं कुठाय?’’

सगळे पुढे सरसावले. कातळ ओला होता. वरचं पाणी वाऱ्याने सुकत चाललं होतं, पण कोरलेल्या खाचांतून ते अजून उभं होतं आणि तिरप्या उन्हात चमकत होतं. शेपटी चमकत होती, पाय चमकत होते, पाठीची रेघ चमकत मानेपर्यंत येत होती. आणि तिथे पाणी संपत होतं.

विश्राम उभा राहिला. तो म्हणाला, ‘‘डोकं नाहीये. कधीच नव्हतं. काल मी खडूने काढलं. तुम्ही हसलात म्हणून काढलं. चुकलं माझं.’’

एक जण तडकला, ‘‘म्हणजे आम्हाला येडं समजलात काय तुम्ही? पोरांना खरं बोला म्हणून शिकवता ना शाळेत?’’ दुसरा म्हणाला, ‘‘चला रे खाली, सकाळ फुकट गेली.’’ दोघं-तिघं वळलेसुद्धा. विश्रामला वाटलं, संपलं. मशीन आजच आलं तरी आपल्याला तोंड वर करून बोलायला जागा उरली नाही.

रावजीदादांनी कपाळावरचा घाम पुसला. ‘‘बरं, डोकं नाही तर नाही. पाणी तरी द्या थोडं.’’

‘‘पाणीपण नाही, दादा,’’ विश्राम रडवेला होऊन म्हणाला. ‘‘ते गुरुजींनी डोकं धुवायला घेतलं.’’

आता यावर हसावं की रागवावं? गुरं राखणारी एक बाई आधी फिसकन हसली, मग दुसरी, आणि मग सगळा सडाच हसायला लागला. हसणाऱ्या माणसाचे पाय जागचे हलत नाहीत. वळलेले ते दोघं-तिघंही थांबले.

त्या गडबडीत धाकू मुकादम कुणाला न सांगता चित्राशी जाऊन बसला होता. त्याने चपला काढल्या होत्या, आणि त्या काढायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दगडावर काम करणारा माणूस दगड बघताना जसा बघतो तसा तो गाल कातळाला लावून रेघेच्या पातळीत डोळा नेऊन बघत होता. मग त्याने मान संपते तिथून पुढे, कोऱ्या दिसणाऱ्या कातळावर, अंगठा फिरवला.

‘‘इथे आणखी तीन घाव आहेत,’’ तो म्हणाला.

‘‘कुठे?’’ विश्रामने विचारलं. याच जागेवर काल बैलाचं कपाळ होतं.

‘‘अंगठा द्या इकडे. हा एक. हा दोन. हा तिसरा नुसता टेकलाय. खोल नाहीत. सुरुवातीचे घाव आहेत, जागा धरायला मारतात तसे.’’ मग तो परत मागच्या रेघेकडे गेला, तिच्या दोन्ही कडा चाचपल्या आणि एकदम वर बघून म्हणाला, ‘‘रावजीदादा, हा गडी डावरा होता.’’

‘‘कोण गडी?’’

‘‘हा, ज्याने कोरलं तो. उजव्या हाताने घाव घातला की कड अशी उतरते. ही उलट उतरलीय, सगळीकडे. आमच्या खाणीवर एक डावरा होता, त्याचा चिरा मी डोळे मिटून ओळखायचो.’’ धाकू उठला, चित्राला वळसा घालून गेला आणि मानेच्या डाव्या अंगाला उकिडवा बसला. डावा हात उचलून त्याने हवेतच दोन-तीन घाव घातले. ‘‘इथे बसला होता. इथेच. दुसरीकडे बसून हा घाव बसत नाही.’’

ज्याचं नाव नाही, गाव नाही, काळ नाही, असा एक डावखुरा माणूस सगळ्यांच्या मध्ये येऊन बसला होता, आणि तो कुठे बसला होता तेसुद्धा आता त्यांना ठाऊक झालं होतं.

‘‘मग उठून गेला कशाला?’’ रावजीदादांनी हळूच विचारलं. ‘‘डोकं तेवढंच राहिलं होतं.’’

धाकू त्या तीन घावांकडे बघत राहिला. ‘‘माझा बाप गेला तेव्हा मी खाणीत होतो,’’ तो म्हणाला. ‘‘चिरा तीन बाजूंनी सुटला होता, चौथी बाजू धरली होती. सांगायला माणूस आला. टिकाव तिथेच ठेवून गेलो. तेरा दिवसांनी परत आलो, पण तो चिरा काही माझ्याने काढवला नाही. दुसऱ्या कुणाला काढूही दिला नाही. खाण पुढे गेली, तो तसाच राहिला.’’ त्याने अंगठा पुन्हा त्या घावांवर टेकवला. ‘‘यालाही कोणीतरी हाक मारली असेल.’’

यानंतर जे झालं ते मला फार आवडतं. तीस माणसं त्या कातळाभोवती उकिडवी बसली आणि वाद घालायला लागली. एक म्हणाला, पाऊस आला असेल. दुसरा म्हणाला, वाघ आला असेल. बायकांपैकी एकीने ठामपणे सांगितलं, घरी बाई अडली असेल, बाप्याला दुसऱ्या कशाने काम सोडवत नाही. आणि जनावर कोणतं? कुणी म्हणे बैल, कुणी म्हणे सांबर, कुणी म्हणे असलं जनावर आता उरलंच नाही. ज्याला त्याला ते तीन घाव अंगठ्याने बघायचे होते. त्यासाठी रांग लागली. रांगेत चपला कुणाच्याच पायांत नव्हत्या. तहान सगळ्यांना लागली होती, पण तासभर पाण्याचं नाव कोणी काढलं नाही.

शेवटी रावजीदादांनी विचारलं, ‘‘मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा, हे काय आहे?’’

कालपर्यंत विश्रामजवळ या प्रश्नाचं पुरं उत्तर होतं, शिंगांसकट. ‘‘माहीत नाही, दादा,’’ तो म्हणाला.

‘‘धाकू, मशीन पलीकडच्या अंगाने लावता येईल?’’

‘‘येईल. वाट लांबची पडेल. मालक कुरकुर करेल थोडी. मी सांगतो त्याला. इथे मशीन लावायला माझा तर हात धजायचा नाही.’’

‘‘मग ठरलं. हे काय आहे ते कळेपर्यंत इथे कुणी घाव घालायचा नाही. आणि हो, मास्तर,’’ रावजीदादांनी काठी उचलली, ‘‘खडूपण नाही.’’

लोक उतरायला लागले. सड्यावर दोघंच उरले. खाचांमधलं पाणी सुकत आलं होतं. विश्राम गुरुजींसमोर येऊन बसला. सकाळचे स्वतःचे शब्द आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

‘‘गुरुजी, ते तीन घाव तुम्हाला आधीच ठाऊक होते ना? म्हणून धुतलंत?’’

‘‘छे रे,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘माझ्या बोटाला ते लागलेच नाहीत. मी चित्रं काढणारा, दगड फोडणारा नव्हे. धुताना मलाही भीती वाटत होती, की आज सडा जाणार. पण मला एवढं ठाऊक होतं, की ती जागा तुझीही नाही आणि माझीही नाही. काल तू डोकं काढलंस आणि तो बैल झाला. बैल सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो बघायला माणूस क्षणभर थांबतो, वाहवा करतो, फोटो ठेवतो आणि जातो. अपुऱ्यापाशी मात्र प्रत्येक जण आपल्याजवळ जे असेल ते घेऊन येतो. धाकू आपला बाप घेऊन आला. ती बाई आपलं बाळंतपण घेऊन आली. तू जागा भरून ठेवली असतीस तर त्यांनी यायचं कुठे? ज्ञानाच्या कामात, विश्राम, जे ठाऊक नाही त्याची राखण करणं हाही कामाचाच भाग आहे.’’

एवढं बोलून त्यांनी वही उघडली आणि मानेपुढच्या कोऱ्या कागदावर तीन बारीक टिंबं काढली.

सडा वाचला होता. विश्रामला हलकं वाटायला हवं होतं, पण आत कुठेतरी सलत होतं. ‘कळेपर्यंत,’ रावजीदादा म्हणाले होते. लोकांना वाटत असेल, मास्तर दोन-चार महिन्यांत पुस्तकं बघून सांगेल. आणि हे तर कधीच कळणार नव्हतं. ते ऐकून आपण गप्प बसलो. कालचा खडू धुतला गेला होता, आणि आज त्याच जागी आपण आपलं मौन भरलं होतं. बोलायला जावं तर मिळालेला सडा पुन्हा हातचा जायचा.

तो उठला. ‘‘आलोच, गुरुजी,’’ म्हणाला आणि उतारावरून धावत सुटला.

अर्ध्या वाटेवर काजूच्या सावलीत रावजीदादा टेकले होते. विश्राम धापा टाकत त्यांच्यापुढे उभा राहिला.

‘‘दादा, एक सांगायचं राहिलं. तुम्ही म्हणालात, कळेपर्यंत. पण ते... ते बहुधा कधीच कळणार नाही. मला नाही, गुरुजींना नाही, कुणालाच नाही. हे मी वर सांगायला हवं होतं. तुम्हाला परत बैठक घ्यायची असेल तर घ्या.’’

रावजीदादांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

‘‘मास्तर,’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘‘कळेपर्यंत’ हे मी खाणवाल्यासाठी म्हटलं. त्याला नुसतं ‘नाही’ चालत नाही, मुदत लागते. ज्याने कोरलं तोच अर्ध्यावर उठून गेला, ते आपल्याला कुठून कळायचं? एवढंही आम्हाला समजत नाही, असं वाटलं होय तुम्हाला?’’

विश्राम त्यांच्या पायाशी खाली बसला. काल तो खडू घेऊन बसला होता, तेव्हा या माणसाला नुसता कातळ दाखवायची त्याला भीती वाटली होती. ‘‘हो दादा,’’ तो म्हणाला, ‘‘तसंच वाटलं होतं.’’